शाळेची पाटी आणि ई-क्लासची जमीन



गावाच्या ई-क्लास जमिनीवर खासगी संस्थेची शाळा येणार आणि गावकरी तिला आडवे जाणार, असे कळले की शहरातला शिकलेला माणूस चटकन म्हणतो, 'खेड्यातल्यांना शिक्षणाचे वावडेच!' अमरावतीत बसून असे म्हणणे धाडसाचे आहे. शेतकऱ्यांच्या पोरांना शिकता यावे म्हणून डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था काढली ती याच मुलखात. भांडण शाळेशी नाही, जागेशी आहे. म्हणून आधी जागा कोणती ते पाहू.

ई-क्लास हे नाव वऱ्हाडच्या महसुली दफ्तरातले. बाकीचा महाराष्ट्र तिला गायरान म्हणतो. मालकी सरकारची, वापर गावाचा. आपल्याकडची काळी जमीन बहुतेक सारी नांगराखाली. पेरणीपासून पऱ्हाटीची शेवटची वेचणी होईपर्यंत कुणाच्या वावरात ढोर शिरले तर ते कोंडवाड्यात जाते. वावरवाल्याजवळ निदान धुऱ्यावरचे गवत आहे, घरचे कुटार आहे. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या मजुराच्या दोन बकऱ्या आणि एक गाय कुठे जाणार? सकाळी आखरावर गोळा झालेली ढोरे गायकी नेतो ती ई-क्लासवरच. घरात दुखणे आले की बकरी विकायची. गिरणीतल्या कामगाराला प्रॉव्हिडंट फंड असतो, याचा फंड चार पायांवर चरतो. तेव्हा चराई गेली की जमीनदाराचे फारसे बिघडत नाही. ज्याला जमीन नाही त्याचीच जमीन जाते.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या २२ व्या कलमाने जमीन चराईसाठी राखून ठेवता येते. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग प्रकरणी निकाल दिला. पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावचे तळे बुजवून बांधलेली घरे कायम करण्यास नकार देऊन न्यायालयाने सर्व राज्यांना गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्यास सांगितले. त्या निकालात काही अपवाद आहेत. त्यातला एक, जमिनीवर शाळा किंवा दवाखाना आधीपासूनच उभा असेल तर. 'आधीपासूनच' हा शब्द नीट वाचावा. तो उभ्या असलेल्या शाळेसाठी आहे, उद्याच्या शाळेसाठी नाही. पण म्हणूनच रातोरात कुंपण घालून पाटी लावण्याची घाई कुणाला होत असेल, तर तिचे कारण उघड आहे!

पुढे संहितेत २२-अ हे कलम आले. सरकारी सार्वजनिक कामाला दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल, तरच गायरान देता येते. इतर प्रकल्पवाल्याला ते अपरिहार्य असेल तर बदल्यात दुप्पट क्षेत्राची जमीन सरकारला द्यावी लागते. माझ्या वाचनाप्रमाणे खासगी संस्था या दुसऱ्या दारानेच येऊ शकते. जिल्हा परिषदेची शाळा आणि फी घेणारी शाळा एका मापाने मोजू नये. संस्थाचालक म्हणतात, 'आम्ही पंचवीस टक्के जागा गरिबांना देऊ.' अहो, विनाअनुदानित शाळांवर ते बंधन २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच घातले आहे. कायद्याचे देणे हा दानधर्म म्हणून गावाला विकू नये.

खरी मेख मात्र ग्रामसभेत असते. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल ती संख्या. तेवढे लोक आले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही! मजूर कपाशी वेचायला गेलेले असताना पारावरच्या दहा माणसांत चराईचा ठराव होऊ शकतो. युनियनच्या सभांत मी हा डाव पुष्कळ पाहिला आहे. पहिल्या सभेला मुद्दाम कमी माणसे आणायची आणि दुसरीत काम उरकायचे.

असे झगडे इतर देशांतही झाले आहेत. लंडनजवळच्या एपिंग जंगलात लाउटन गावच्या मजुरांना हिवाळ्यात सरपणासाठी फांद्या छाटण्याचा हक्क होता. जमीनदाराने कुंपण घातले, तेव्हा विलिंगेल घराण्यातल्या माणसाने १८६६ साली त्यासाठी तुरुंगवास पत्करला. १८७८ च्या कायद्याने ते जंगल सर्वांसाठी मोकळे राहिले. फांद्यांचा हक्क गेला, पण भरपाई मिळाली. त्या पैशातून गावाने सार्वजनिक सभागृह बांधले, ते १८८४ साली उघडले. म्हणजे ज्यांचा हक्क गेला त्यांनाच मोबदला, आणि इमारतही त्यांचीच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. गायरान वाचवा म्हणणारेच कधीकधी भूमिहीनांच्या झोपड्यांवर बोट ठेवतात. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहांत भूमिहीनांनी पडीक जमिनीच मागितल्या होत्या. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे कायम करण्याचे धोरण सरकारनेही स्वीकारले. जगपालसिंगच्या निकालातही भूमिहीन आणि दलित-आदिवासींच्या पट्ट्यांना अपवाद आहे. झोपडी आणि संस्थेचे कुंपण एका ओळीत बसवणाऱ्याच्या हेतूची मला शंका येते.

विरोध करणाऱ्यांनी आरडाओरडीआधी तलाठ्याकडून सातबारा आणि गावचे निस्तार पत्रक घ्यावे, माहितीच्या अधिकारात ठरावाची नक्कल मागावी, आणि तहकूब सभेची तारीख गायकीलाही कळवावी. हरकत लेखी द्यावी, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे द्यावी, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये.