दुरुस्ती हक्काची आणि दार न्यायालयाचे

आरक्षणाची पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडायची म्हटली, की महाराष्ट्रात तमिळनाडूच्या ६९ टक्क्यांचा दाखला दिला जातो. मी चेन्नईत राहतो. येथे या आकड्याचा अभिमान आहे आणि तो अनाठायी नाही. मात्र त्यामागचा घटनात्मक इतिहास क्वचितच सांगितला जातो.

राज्यघटना लागू झाली तेव्हा मद्रास राज्यात वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील दर १४ जागा जातिधर्मानुसार वाटल्या जात. ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदू, ब्राह्मण व हरिजन यांना प्रत्येकी २, ख्रिस्ती व अँग्लो-इंडियनांना मिळून १ आणि मुस्लिमांना १. चंपकम दोराईराजन यांनी यास आव्हान दिले. मद्रास उच्च न्यायालयाने व त्यानंतर ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा शासनादेश रद्दबातल ठरवला. मार्गदर्शक तत्त्वे मूलभूत हक्कांवर मात करू शकत नाहीत, हा त्यामागील अन्वयार्थ होता.

त्यापूर्वी, मे १९५० मध्ये, मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली प्रवेशबंदीही सर्वोच्च न्यायालयात टिकली नव्हती.

या निकालांना संसदेने १८ जून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने उत्तर दिले. अनुच्छेद १५(४) मुळे मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदींचा मार्ग खुला झाला. अनुच्छेद १९(२) मध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आली व अभिव्यक्तिस्वातंत्र्य आकुंचित झाले. तथापि निर्बंध ‘वाजवी’ असावेत ही अटही आली. निर्बंध वाजवी आहे की नाही, हे ठरवणे न्यायालयाकडेच राहिले. तिसरी तरतूद नवव्या परिशिष्टाची. त्यात समाविष्ट झालेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देता येणार नव्हते. जमीन सुधारणांसाठी उभारलेला हा आडोसा पुढे इतर कायद्यांनाही मिळाला.

इंद्रा साहनी निकालाने १९९२ मध्ये पन्नास टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा तमिळनाडूने १९९३ मध्ये कायदा केला आणि १९९४ च्या ७६व्या घटनादुरुस्तीने तो या परिशिष्टात गेला. परंतु ११ जानेवारी २००७ रोजी, तमिळनाडूतूनच उद्भवलेल्या आय. आर. कोएल्हो खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले, की २४ एप्रिल १९७३ नंतर परिशिष्टात आलेले कायदे मूलभूत संरचनेच्या कसोटीवर तपासता येतील. मराठा आरक्षण ५ मे २०२१ रोजी रद्द झाल्यानंतर नवव्या परिशिष्टाकडे आशेने पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ते आता अभेद्य कवच राहिलेले नाही.

संसदेने निकालावर उत्तर देण्यात गैर काही नाही. १५(४) नसते तर सामाजिक न्याय अधिकच दुबळा राहिला असता. माझा आक्षेप दार बंद करण्याला आहे. प्रत्येक घटनादुरुस्तीबाबत नागरिकाने एक प्रश्न विचारावा: उद्या माझ्यावर अन्याय झाला, तर न्यायालयात जाण्याची वाट उरते काय? दुरुस्ती आपल्या बाजूची असेल, तेव्हा तर हा प्रश्न अधिकच आग्रहाने विचारायला हवा.