गेममधली ‘न मिळणारी’ गाडी : मुलांना काय सांगावे, वर्गात काय शिकवावे?



चौथी-पाचवीतल्या मुलांच्या मधल्या सुट्टीतल्या गप्पा ऐका. क्रिकेट असतंच, पण हल्ली रेसिंग गेममधल्या गाड्याही असतात. आमच्या कुडव्यात घरटी एखादाच मोबाईल असतो, तोही वडिलांचा. तरी मुलांना लॅम्बोर्गिनी, फेरारी, पगानी ही नावं पाठ आहेत. आणि तक्रार ठरलेली असते : “मॅडम, ती गाडी कितीही खेळलो तरी भेटूनच नाही राहिली!”

‘गेम बंद कर’ म्हटलं की आपल्यापुरता विषय संपतो, मुलाचा संपत नाही. या हट्टात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक म्हणजे यंत्राबद्दलचं खरं कुतूहल. दुसरी म्हणजे गेमने मुद्दाम तयार केलेली ओढ. पहिलीला खतपाणी घालायचं आणि दुसरी मुलांना उलगडून दाखवायची. ते कसं करता येईल, हे या लेखात पाहू.

१) ट्रॅकची गाडी म्हणजे काय?

मुलांना हव्या असणाऱ्या बऱ्याच गाड्या रस्त्यासाठी नसतातच. त्या फक्त शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायला बनवलेल्या असतात. लॅम्बोर्गिनीची ‘सेस्तो एलेमेंतो’ हे चांगलं उदाहरण आहे. ही गाडी २०१० च्या पॅरिस मोटर शोमध्ये पहिल्यांदा दाखवली गेली आणि नंतर फक्त २० गाड्या बनल्या. रस्त्यावर चालवायची तिला परवानगी नाही.

या इटालियन नावाचा अर्थ आहे ‘सहावे मूलद्रव्य’. सहावे मूलद्रव्य म्हणजे कार्बन, कारण त्याचा अणुक्रमांक ६ आहे. गाडीचा बराचसा भाग कार्बन फायबरचा आहे, म्हणून हे नाव. इथे वर्गात थांबा आणि मुलांना पेन्सिल हातात घ्यायला सांगा. आपण जिला ‘शिसपेन्सिल’ म्हणतो तिच्यात शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, आणि ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच. चुलीतला कोळसाही मुख्यतः कार्बनच. त्याच मूलद्रव्याचे बारीक धागे विणून, चिकट राळेत घट्ट बसवून गाडीचं हलकं आणि मजबूत अंग तयार होतं.

अशा गाडीला मागे मोठा पंख का असतो, हा मुलांचा आवडता प्रश्न. आपल्याकडे उत्तर सोपं आहे. बिरसी विमानतळावरून उडणारी प्रशिक्षणाची छोटी विमानं इथल्या मुलांनी पाहिलेली असतात. विमानाचा पंख हवेच्या मदतीने विमानाला वर उचलतो. गाडीचा पंख उलटा बसवलेला असतो, म्हणून हवा गाडीला खाली दाबते. चाकं जमिनीला घट्ट धरून राहतात आणि वळणावर गाडी घसरत नाही.

२) आपल्याकडची गाडी : रेसमो

“मॅडम, आपल्या भारताची गाडी असते का गेममध्ये?” हा प्रश्न आला तर टाटा मोटर्सच्या ‘रेसमो’ची गोष्ट जरूर सांगा. मुंबईत मुख्यालय आणि पिंपरी-चिंचवडला मोठा कारखाना असलेल्या या कंपनीने २०१७ च्या सुरुवातीला ‘टॅमो’ नावाचा नवा उपक्रम सुरू केला. त्याची पहिली गाडी, दोन माणसांची छोटी स्पोर्ट्स कार रेसमो, ७ मार्च २०१७ रोजी जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये जगासमोर आली. ‘रेस’ आणि ‘इमोशन’ या दोन शब्दांतून हे नाव तयार झालं. त्याच वेळी आणखी एक घोषणा झाली : मायक्रोसॉफ्टच्या ‘फोर्झा होरायझन ३’ या रेसिंग गेममध्ये ही गाडी येणार, आणि फोर्झा मालिकेतली ती पहिली भारतीय गाडी असेल.

रेसमो काही सुपरकार नव्हती. तिचं इंजिन फक्त १.२ लिटरचं होतं. आपल्या रस्त्यावर दिसणाऱ्या टियागोचं पेट्रोल इंजिनही १.२ लिटरचंच आहे. पण टियागोची ताकद सुमारे ८५ अश्वशक्ती, तर रेसमोची कंपनीने सांगितलेली ताकद १९० अश्वशक्ती! फरक मुख्यतः टर्बोचा. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा. जास्त हवा भरली की जास्त इंधन जळतं आणि जास्त जोर मिळतो. चुलीत फुंकणीने फुंकल्यावर जाळ कसा वाढतो, ते मुलांनी घरी पाहिलेलं असतं. तेच उदाहरण द्या.

पुढे काय झालं? खर्चाचा विचार करून कंपनीने प्रकल्प थांबवला आणि रेसमो विक्रीला आलीच नाही. ‘फोर्झा होरायझन ३’ या गेमची विक्रीही २७ सप्टेंबर २०२० पासून बंद झाली. म्हणजे जी गाडी रस्त्यावर कुणालाच मिळाली नाही, तिच्यासाठी तो गेम दुकानातून नव्याने घ्यावा म्हटलं तर तेही आता शक्य नाही. पण आपण आत्ताच तिचं इंजिन, टर्बो आणि नावाचा अर्थ समजून घेतला ना? मुलांना हेच दाखवून द्यायचं. गाडी आपल्याकडे नसली तरी ती पूर्ण समजून घेता येते, आणि समजलेलं कुणी काढून घेऊ शकत नाही.

३) खरी टंचाई आणि केलेली टंचाई

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सेस्तो एलेमेंतोच्या २० च गाड्या का बनल्या? कार्बन फायबर महाग, कारागिरांचं काम वेळखाऊ, आणि अशा गाडीला गिऱ्हाईक मोजकं. ही टंचाई खरी आहे.

गेममध्ये मात्र गाडी म्हणजे संगणकातली माहिती. एका मुलाला दिली काय आणि एक कोटी मुलांना दिली काय, कार्बन फायबर लागत नाही की कारागीर लागत नाही. गेम बनवणाऱ्याला कार कंपनीशी करार करावा लागतो, हे खरं. पण करार झाल्यावर ती गाडी कोणाला, कधी आणि किती कष्टाने मिळावी, हे गेमवालेच ठरवतात. त्यांच्या युक्त्या साधारण अशा :

• गाडी ठरावीक दिवसांतच मिळेल असं सांगणे. (“रविवारपर्यंतच!”)
• गाडीचे तुकडे करून थोडे थोडे देणे. निम्मे जमले की मूल सोडत नाही.
• नशिबाचं चक्र फिरवायला लावणे.
• रुपयांऐवजी ‘कॉइन’, ‘डायमंड’ असं वेगळं नाणं वापरणे, म्हणजे खरी किंमत लक्षात येत नाही.

चौथी युक्ती सगळ्यात महागात पडते. माझ्या माहितीतल्या एका घरी वडील राईस मिलमध्ये रोजीने जातात. मुलाने त्यांच्या मोबाईलवरून थोडं थोडं करून दोन दिवसांच्या रोजीएवढे पैसे गेममध्ये घालवले. रागावल्यावर मुलगा म्हणाला, “मी पैसे कुठं खर्च केले? मी तर डायमंड घेतले.” तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. म्हणून अशा वेळी मारणं किंवा चोर म्हणणं टाळा. त्याच्यासोबत बसून हिशोब करा : इतके डायमंड म्हणजे इतके रुपये, इतके रुपये म्हणजे इतके किलो तांदूळ. हा हिशोब मुलांना लगेच कळतो.

४) चिंचोक्यांचा खेळ

नशिबाचं चक्र कसं फसवतं, हे पाचवीच्या वर्गात दाखवता येतं. साहित्य : ५० चिंचोके, एक पिशवी, थोडा चुना. एका चिंचोक्याला चुना लावा. तो ‘दुर्मिळ गाडी’. प्रत्येक मुलाने न पाहता एक चिंचोका काढायचा, नोंद करायची, परत टाकायचा आणि पिशवी हलवायची.

मुलांना वाटतं, ५० वेळा काढल्यावर पांढरा मिळणारच. तसं नाही. दर वेळी परत टाकत असल्यामुळे, ५० वेळा काढूनही १०० पैकी सुमारे ३६ मुलांना पांढरा चिंचोका एकदाही मिळत नाही. आणि ४९ वेळा हुकलं म्हणून पन्नासाव्या वेळी शक्यता वाढत नाही, कारण पिशवीला मागचं काही आठवत नसतं. ‘आता मिळेलच’ ही भावनाच आपल्याला पुन्हा पुन्हा चक्र फिरवायला लावते.

(५० मध्ये १ हे प्रमाण मी उदाहरणासाठी घेतलं आहे. गेममध्ये ते वेगळं असतं. पैसे घेऊन नशिबाची पेटी देणाऱ्या ॲपने मिळण्याची शक्यता आधी दाखवावी, असा गुगल आणि ॲपल दोघांच्या दुकानांचा नियम आहे. मुलाला ती माहिती शोधायला लावा.)

५) गाडीतून गणित

एका अश्वशक्तीच्या वाट्याला किती किलो वजन येतं, हा भागाकार मुलं आवडीने करतात :

• टियागो : सुमारे १००० किलो ÷ ८५ = जवळपास १२ किलो
• सेस्तो एलेमेंतो : ९९९ किलो ÷ ५७० = सुमारे १.७५ किलो
• एकॉन्क : ७३८ किलो ÷ ७२२ = सुमारे १ किलो

‘एकॉन्क’ ही मुंबईच्या वझिरानी ऑटोमोटिव्ह कंपनीने २०२१ मध्ये दाखवलेली, एकाच माणसाची विजेवर चालणारी गाडी. इंदूरजवळच्या चाचणी ट्रॅकवर तिने ताशी ३०९ किमी वेग गाठल्याचं कंपनीने जाहीर केलं आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे ८६ मीटर. आपल्या क्रीडा स्पर्धेतलं १०० मीटरचं अंतर सव्वा सेकंदाच्या आत! त्या वेगाने गोंदियाहून सुमारे १३० किमीवरचं नागपूर किती मिनिटांत येईल, ते मुलांना काढू द्या. (उत्तर : सुमारे २५ मिनिटे.)

टियागो आणि सेस्तो एलेमेंतो यांचं वजन जवळपास सारखंच आहे, हे मुलांना स्वतः शोधू द्या. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो : वजन सारखं, तर फरक कशात? इथून चर्चा छान रंगते.

६) पालकांसाठी थोडक्यात

• प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय आहे. ती आजच चालू करा.
• यूपीआय पिन मुलांसमोर टाकू नका. ‘त्याला सगळं येतं’ म्हणून कौतुकाने सांगूही नका.
• ‘दुर्मिळ गाडी फुकट’ अशा लिंकवर जाऊ नका आणि ओटीपी कुणालाही देऊ नका. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर कळवा.
• चुकून खरेदी झाली असेल तर ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरवर परताव्याची विनंती करा.
• आठवड्यातून एकदा मुलाशेजारी बसा आणि विचारा, “ही गाडी तुला का आवडते?” उत्तरात इंजिन, वेग, पंख आले तर ते कुतूहल आहे, त्याला वही-पेन्सिल द्या, चित्र काढू द्या. उत्तर “रविवारी संपणार आहे म्हणून” असं आलं, तर वरचा चिंचोक्यांचा खेळ घरीच घ्या.

शिक्षक मित्रांनो, हा उपक्रम एका तासिकेत होतो आणि खर्च शून्य. तुमच्या वर्गात पन्नास चिंचोक्यांतून पांढरा किती जणांना मिळाला, ते जरूर कळवा.