दख्खनचे रानकुत्रे आणि किपलिंगचा पक्षपात

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि गडचिरोलीत चपराळ्याजवळ वर्धेला मिळते. रुडयार्ड किपलिंगचा मोगली वाढला तो याच नदीकाठी. 1895 च्या ‘सेकंड जंगल बुक’मधल्या ‘रेड डॉग’ या कथेत दख्खनमधून रानकुत्र्यांची झुंड शिवनीवर चालून येते. मोगली त्यांना चिडवून वैनगंगेच्या कड्यावरच्या मधमाश्यांच्या तोंडी देतो. उरलेल्यांशी मोगलीला वाढवणारे लांडगे झुंजतात आणि त्या लढाईत म्हातारा लांडगा अकेला मरतो.

राजुऱ्यात ही कथा वाचताना मन अडखळते. वर्धेच्या दक्षिणेचा हा मुलूख तेव्हा निजामाच्या दख्खनी हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे कथेतले आक्रमक आले, ती दिशा आपलीच.

किपलिंगने हे अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बसून लिहिले. शिवनीचे रान त्याने बरेचसे रॉबर्ट स्टर्नडेलच्या 1877 च्या शिकारी पुस्तकावरून उभे केले. त्या काळी लांडगा आणि रानकुत्रा दोघांनाही मारल्याबद्दल सरकार बक्षीस देई. पण लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या हकिकती ब्रिटिश अधिकारी कर्नल स्लीमनने लिहून ठेवल्या होत्या. त्यातून लांडग्याला कायदा पाळणारे कुटुंब मिळाले. रानकुत्र्याच्या वाट्याला मात्र शिकाऱ्यांचा रागच आला. साहेबाला हवे असलेले सांबर-चितळ तो आधी मारी, आणि तेही शिकार जिवंत असतानाच फाडून. म्हणून तो क्रूर ठरला.

कळपापुढे वाघही कधीकधी शिकार सोडतो, हे किपलिंगचे निरीक्षण खरे आहे. पण रानकुत्र्यांचे कळप सहसा पाच-दहांचे असतात, कथेतल्यासारखे शेकड्यांचे नव्हे. ते शिट्टीसारख्या आवाजाने एकमेकांना हाक देतात. शिकारीवर पिल्लांना आधी खाऊ देतात. गुहेतल्या पिल्लांसाठी कळपातले इतरही पोटातले मांस ओकून आणतात. माणसावर ते सहसा जात नाहीत. लांडग्यांच्या टोळीत किपलिंगला जे कुटुंबपण दिसले, ते इथेही होते.

बक्षिसे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापर्यंत चालली. आज जगात प्रौढ रानकुत्रे अडीच हजारांहून कमी उरल्याचा अंदाज आहे. ताडोबात ते आहेत, तेलंगणातल्या कवालमध्येही आहेत, आणि या दोन रानांना जोडणाऱ्या पट्ट्यात राजुरा येतो. मुलांना मोगली जरूर वाचायला द्यावा. पण त्या कथेतला खलनायक आपल्या रानाचा रहिवासी आहे आणि त्याची बदनामी बंदूकवाल्यांनी केली, हेही त्यांना सांगायला हवे. हा पट्टा वाचवायचा निर्णय उद्या तीच मुले घेणार आहेत.