भंगारात घालण्यापूर्वी मशीन उघडून पहा

कुडाळहून वालावलच्या बाजूला कर्ली नदीकाठी गेले की माडाखाली जुन्या शिडाच्या होड्या दिसतात. एखाद्या पडवीत गोणपाटात गुंडाळलेले आउटबोर्ड मशीनही असते. बरीच वर्षे बंद. घरातला तरुण म्हणतो, भंगारात घालू आणि कर्ज काढून नवे घेऊ. आमचे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी जुने मशीन एकदा उघडून पहावे, असे आम्हांस वाटते.

शीड असताना मशीन कशाला, असे कोणी विचारील. वारा पडला की शीड लोंबते. देवबागकडे, जिथे कर्ली समुद्राला मिळते, तिथे ओहोटीच्या ओढीत नुसत्या वल्ह्यावर दोन माणसे दमून जातात.

हे यंत्र बाजारात यशस्वी केले ते एका शेतकऱ्याच्या मुलाने. ओले एव्हिनरूड मूळचा नॉर्वेचा. लहानपणी अमेरिकेत गेला, कारखान्यांत राबून यंत्रकाम शिकला आणि १९०९ साली त्याने मिलवॉकीत आपले मशीन विक्रीस आणले. ताकद दीड अश्वशक्ती, वजन सुमारे २८ किलो. हिशेब आणि पत्रव्यवहार त्याची पत्नी बेस पाहत असे. (कारकुनी कामालाही इतिहासात जागा असते!)

आमच्या नात्यातल्या एका घरी असेच मशीन होते. आयटीआय झालेला पुतण्या दोरी ओढू लागला, तर चाक जागचे हलेना. तो हिसके देऊ लागला तेव्हा म्हातारे काका म्हणाले, "झिला, जोर करू नको. त्याल आत जावंदे." प्लग काढून भोकातून डिझेल आणि इंजिन ऑईल सोडले व दोन दिवस तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी चाक हाताने फिरले. हिसका दिला असता तर पिस्टनच्या रिंगा तुटल्या असत्या.

पुढचा पैसा घालण्यापूर्वी दोनच गोष्टी पहाव्यात. दोरी ओढताना हाताला चांगला दाब लागतो का? आणि खालच्या गिअरचे तेल कसे आहे? तेल दुधासारखे असेल तर पाणी शिरले आहे, सील बदलून भागते. तेलात धातूचे कण आले आणि दाबही नसेल तर मोह सोडावा. तिथे घातलेला पैसा बुडाला समजा.

बाकीचे काम घरचे. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकटा बसतो, तो धुवावा. प्लॅटिनम पॉइंट साफ करावेत, प्लग नवा घालावा. पाण्याच्या पंपातला रबरी पंखा मात्र डोळे झाकून बदलावा. वर्षानुवर्षे पडून तो कडक होतो, थंड पाणी चढत नाही आणि मशीन तापून बसते. म्हणूनच मशीन कोरडे कधी चालवू नये. आम्ही पाण्याने भरलेल्या पिंपात उभे करून चालू केले. धूर पडवीभर झाला, पण बाजूने पाण्याची धार पडली तेव्हा घरच्या बाया हसल्या.

जुन्या छोट्या मशीनांत पंख्याला मऊ धातूची पिन असते. पंखा खडकावर आपटला की पिन तुटते आणि गिअर वाचतात. तिथे पोलादी खिळा ठोकणारे शहाणे आम्ही पाहिले आहेत! पिना जास्तीच्या करून होडीत ठेवाव्यात. पेट्रोलमध्ये ऑईल किती, हे मशीनच्या पुस्तकात असेल तेच खरे. शेजाऱ्याचे प्रमाण आपल्या मशीनला चालेलच असे नाही.

बसवताना मशीन उलांडीत आणि शिडाच्या दोऱ्यांत अडकणार नाही, आणि लाटेवर पंखा पाण्याबाहेर येणार नाही, एवढी जागा शोधावी. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात थोडा वेळ चालवावे, नाहीतर आतल्या वाटा मिठाने बुजतात. आमच्या पुतण्याने त्यासाठी विहिरीजवळच पिंप ठेवले आहे. शीड अजून होडीतच असते, आणि काकांच्या हुकुमाने लाइफ जॅकेटही.