श्रवण, टिपण आणि आकलन

भारतीय साहित्याचे जे विद्यार्थी संशोधनासाठी परदेशी विद्यापीठांत जाऊ इच्छितात, त्यांतील अनेकांना इंग्रजीच्या प्रावीण्यपरीक्षेला सामोरे जावे लागते. इंग्रजी ग्रंथ सहज वाचणारा विद्यार्थीही तिच्या श्रवणविभागात अडखळतो. याचे कारण पुष्कळदा भाषेच्या अज्ञानात नसून टिपणे घेण्याच्या रीतीत असते, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरणादाखल टोफेल ही परीक्षा घेऊ. ती १९६४ पासून घेतली जाते. परंतु ऐकताना टिपणे घेण्याची मुभा मिळाली ती २००५ मध्ये तिचे इंटरनेटवर आधारलेले रूप आल्यावर. तोपर्यंत सारी भिस्त स्मरणावर होती. व्याख्यान एकदाच ऐकवले जाते आणि प्रश्न त्यानंतर समोर येतात. आयईएलटीएस या परीक्षेत प्रश्न आधी वाचावयास मिळतात, त्यामुळे प्रश्नपत्रिका हाच टिपणाचा सांगाडा ठरतो. टोफेलमध्ये हा सांगाडा श्रोत्याला स्वतःच उभारावा लागतो. काय विचारले जाईल हे ठाऊक नसल्याने तो सारेच लिहू पाहतो, आणि येथेच घात होतो.

माझ्या एका विद्यार्थिनीचा सरावाचा कागद मला आठवतो. आरंभीच्या चार ओळींत पूर्ण वाक्ये होती, पुढे अर्धवट शब्द, आणि नंतर कोरी जागा. वक्त्याने तीन कारणे सांगून त्यांतील पहिले अमान्य केले होते. कागदावर ते पहिले कारण विशेषणांसह नोंदलेले होते. ते अमान्य केल्याची नोंद मात्र नव्हती. लेखणी चालत होती तेवढा वेळ कान बंद होता.

या प्रश्नाचा विचार दुभाष्यांनी फार पूर्वी केला आहे. जाँ-फ्रांस्वा रोझाँ यांनी १९५६ मध्ये जिनिव्हा येथे प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत टिपणाची सात तत्त्वे सांगितली. शब्द न टिपता कल्पना टिपावी, कल्पनांमधील दुवे नोंदवावेत, नकार आणि भर स्पष्ट दाखवावेत, मजकूर आडवा न लिहिता उभा उतरवावा, ही त्यांतील प्रमुख होत. परीक्षार्थीची गरजही हीच आहे. ‘कारण’, ‘परंतु’, ‘म्हणून’ हे दुवे कागदावर असले, तर गाळलेले शब्द स्मरण पुरवते. दुवे हरपले, तर लिहिलेले शब्दही निरर्थक होतात.

मराठी भाषकाने तीन बाबतींत विशेष सावध असावे. पहिली नकाराची. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी ठसठशीतपणे येतो; इंग्रजीत तो सहायक क्रियापदाला चिकटून वाक्याच्या पोटात दडतो. अमेरिकन उच्चारात ‘कॅन्ट’मधील अंत्य व्यंजन पुष्कळदा पुरते ऐकूही येत नाही, ‘कॅन’चा स्वर आखूड होतो आणि ‘कॅन्ट’चा पूर्ण उमटतो, एवढीच खूण उरते. नकार ऐकताच त्या कल्पनेवर फुली मारावी. दुसरी बाब आघाताची. आघाताने शब्दार्थ बदलण्याची सवय मराठी कानाला नाही, म्हणून ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांची गल्लत होते. तिसरी संख्यावाचनाची. ‘पंचवीस’ म्हणताना आपण एकक आधी उच्चारतो, इंग्रजीत दशक आधी येते. संख्येचे मनात भाषांतर न करता अंक तत्काळ मांडावा.

टिपणे कोणत्या भाषेत असावीत? ती परीक्षक तपासत नाहीत. तेव्हा जी भाषा त्या क्षणी आखूड पडेल ती घ्यावी. ‘हाउएव्हर’पेक्षा ‘पण’ लवकर लिहून होतो. अपरिचित विशेषनाम कानावर पडले तसे देवनागरीत उतरवता येते. इंग्रजी वर्णलेखनाच्या विवंचनेत पुढचे वाक्य निसटत नाही.

सरावाची एक साधी रीत सुचवावीशी वाटते. पाच मिनिटांचे व्याख्यान ऐकून तीस शब्दांहून अधिक लिहू नये. मग त्या कागदावरून तोच युक्तिवाद मराठीत कुणाला तरी समजावून सांगावा. जेथे सांगणारा अडेल, तेथे बहुधा शब्द नव्हे, दुवा निसटलेला आढळेल. माझ्या त्या विद्यार्थिनीला इंग्रजी अधिक शिकण्याची गरज नव्हती. कमी लिहिण्याचे धैर्य तेवढे हवे होते.