नीळकंठाचं नृत्य आणि भरताची अडचण

नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात भरतमुनी अडचणीत सापडतात. शंभर मुलांना हाताशी धरून त्यांनी प्रयोग बसवला आहे. भारती, सात्त्वती, आरभटी या तीन वृत्ती, म्हणजे सादरीकरणाच्या शैली, त्यात आल्या आहेत. ब्रह्मदेव म्हणतात, कैशिकीही आण. कैशिकी म्हणजे नाजूक वेषाची, शृंगाराची, मृदू अंगहारांची वृत्ती. भरतांचं उत्तर मोठं गमतीचं आहे. ही वृत्ती मी नीळकंठाच्या नृत्यात पाहिली आहे, पण बायकांवाचून नुसत्या पुरुषांना ती नीट साधायची नाही, असं ते सांगतात. मग ब्रह्मदेव मनातून अप्सरा निर्माण करतात आणि गाडं पुढे सरकतं.

पाहिली ती साक्षात शंकराच्या अंगावर, आणि लगोलग निकाल दिला की पुरुषाला जमणार नाही! स्त्रीतत्त्व आणि पुरुषतत्त्व यांच्या समतोलाविषयी आपल्याकडे जे काही बोललं जातं, त्यात मला ही जुनी ओढाताण सारखी दिसते. अंग एक सांगतं आणि समाज दुसरंच सांगतो.

तांडव शंकराचं, लास्य पार्वतीचं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्याच्या नर्तनाध्यायातही उद्धत आणि सुकुमार अशी ही वाटणी आहेच. पण पोथीतली वाटणी पाथरवटांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. नाट्यशास्त्रात तांडवाच्या प्रकरणात सांगितलेली 108 करणं, म्हणजे हातापायांच्या एकत्रित हालचाली, दोन ठिकाणी कोरलेली बघावीत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात, अकराव्या शतकाच्या आरंभी, 81 करणं कोरून झाली आणि पुढचे दगड कोरेच राहिले. तिथे नाचणारा स्वतः शिव आहे. चिदंबरमच्या गोपुरांत मात्र तीच करणं बायका करताहेत. तोच पदन्यास, तीच कंबरेची मुरड, तीच उचललेली तंगडी. तांडव म्हणजे पुरुषाचं नृत्य, ही समजूत त्या गोपुराखाली उभं राहून टिकवणं कठीण आहे.

त्याच चिदंबरमची एक कथा मात्र माझ्या घशाखाली कधी उतरली नाही. शिव आणि काली यांच्यात नृत्याची चढाओढ लागते. तो जे करतो ते ती करते, काही केल्या हरत नाही. शेवटी तो पाय थेट डोक्याच्या वर नेतो. ऊर्ध्वतांडव. काली लाजेपोटी तसा पाय उचलत नाही आणि हरते. तिला जमत नव्हतं असं कथा म्हणत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. ही कला तोकडी पडल्याची हार नव्हेच, रीतिभातीनं दिलेली हार आहे.

योगाकडे वळलं की भाषा बदलते. ‘ह’ म्हणजे सूर्य आणि ‘ठ’ म्हणजे चंद्र, त्यांचा मेळ तो हठयोग, ही फोड प्रसिद्ध आहे. शब्दाचा साधा अर्थ मात्र बळ, जबरदस्ती. आपल्या हट्टाचा तो सख्खा नातलग. (बालहट्ट, राजहट्ट आणि स्त्रीहट्ट मोजणाऱ्या मराठीला योगहट्ट कसा सुचला नाही कोण जाणे.) डावीकडची इडा चांद्र, शीतल, उजवीकडची पिंगला सौर, तप्त, मधली सुषुम्ना. अर्धनारीश्वरातही देवी डावीकडेच असते. घारापुरीच्या लेण्यात सुमारे पाच मीटर उंचीच्या त्या मूर्तीचा उजवा हात नंदीवर रेलला आहे, डाव्या हातात आरसा आहे आणि सगळा तोल एका बाजूला कललेला आहे. शिल्पकारानं काटा मध्यावर आणून ठेवलेला नाही.

श्वासाचंही तसंच आहे. नाडीशोधनात आलटून पालटून एकेक नाकपुडी वापरायची. एरवीही दोन्ही नाकपुड्या सारख्या वाहत नाहीत; काही तासांनी बाजू बदलते. स्वरशास्त्रवाल्यांना हे ठाऊक होतं, आणि 1895 मध्ये कायझर या जर्मन वैद्यानंही त्याचं वर्णन केलं. तेव्हा समतोल म्हणजे निम्मं-निम्मं मिश्रण नव्हे, ही पाळी आहे. आणि इडा बायकांना, पिंगला पुरुषांना अशी वाटणी कुठल्याही हठग्रंथात नाही. हल्ली गोव्याच्या किनाऱ्यापासून सोसायटीच्या क्लबहाउसपर्यंत ‘स्त्रीऊर्जा जागृती’ची शिबिरं निघतात, तिथे बायकांना कंबर सैल सोडायला आणि पुरुषांना छाती पुढे काढायला सांगतात. म्हणजे ज्याच्याकडे जे आहे असं आधीच मानलं, तेच त्याला पुन्हा वाढायचं!

प्रत्यक्ष इतिहास यापेक्षा खट्याळ आहे. 1936 मध्ये योगगुरू कृष्णमाचार्य शिष्यांसह धारवाडला गेले असता तिथल्या काही बायकांनी योग शिकायची इच्छा दाखवली. मोठ्या माणसानं शिकवणं प्रशस्त दिसेना, म्हणून चमूतल्या सर्वांत लहान, सतरा-अठरा वर्षांच्या पोराला पुढे केलं. ते बी. के. एस. अय्यंगार. पुढच्याच वर्षी ते पुण्याला डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले. म्हणजे अय्यंगारांचे पहिले विद्यार्थी पैलवान नव्हते, त्या बायका होत्या.

नृत्यात ही पाळी रोजच्या रियाजात असते. ओडिसीत ‘चौक’ या स्थितीत उभं राहिलं की जगन्नाथासारखं चौकोनी, भारदस्त अंग. त्रिभंगात तेच अंग तीन ठिकाणी वळतं. दोन्ही प्रत्येकाला शिकावीच लागतात. कथकात तर त्यासाठी शब्दच आहे: पलटा. गतभावात एकटा नर्तक कृष्ण होऊन वाट अडवतो, पलटा घेतो आणि राधा होऊन घागर सावरतो. वेष बदलायचा नाही, पडदा पाडायचा नाही, फक्त गिरकी आणि नजर. बिरजू महाराजांचा पदर लाजला की प्रेक्षक हसत नसत. पदर नव्हताच, हे नंतर आठवायचं.

पण ही मुभा सगळ्यांना नव्हती. स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या नेसणीची नक्कल घरंदाज बायकांनी केली, सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला तेच लास्य टिंगल होऊन आलं. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला गुणा अंगानं पैलवान, हौसेनं कलावंत, नाच्या मिळेना म्हणून स्वतः नाच्या होतो आणि गाव त्याचं पुरुषपण वेशीवर टांगतं. त्याच्या अंगात दोन्ही तत्त्वं सुखानं नांदत होती. खुपत होतं ते बघणाऱ्यांना. ऊर्जेच्या गप्पा मारताना जात, पैसा आणि रंगमंचाची प्रतिष्ठा बाजूला ठेवता येत नाही, ते यासाठी.

या सगळ्याला नृत्यातून सर्वांत थेट भिडली ती नृत्यरचनाकार चंद्रलेखा. महाराष्ट्रातल्या वाडा या गावी तिचा जन्म, कर्मभूमी चेन्नई. 1985 च्या ‘अंगिका’त तिनं भरतनाट्यम, योग आणि कळरीपयट्टू ही युद्धकला एकत्र आणली, देवादिकांच्या कथा बाजूला सारून. 1998 च्या ‘राग’मध्ये पुरुषाच्या देहातलं स्त्रीत्व शोधलं, भरतांनी नीळकंठाच्या अंगावर जे पाहिलं होतं, तेच. आणि 2001 मध्ये ‘शरीर’. धृपदाच्या संथ आलापीवर एक स्त्री आणि कळरीत मुरलेला एक पुरुष, बस्स. ती जमिनीवर आहे, आसनांतून आसनांत इतक्या हळू जाते की हालचाल कुठे सुरू झाली ते कळत नाही. मग ती पाय उघडते, वर नेते, तिथेच धरून ठेवते, काही घाई नाही, आणि तो पुरुष तिच्याभोवती आपली जागा शोधत फिरतो. चिदंबरमच्या सभेत कालीनं जो पाय उचलला नव्हता, तोच हा पाय.