थंडीत गाडी का थडथडते?

डिसेंबर-जानेवारीत आपल्या भागात पहाटे पारा १२-१४ अंशांपर्यंत उतरतो. तवंदी घाटात धुके, बेळगावात स्वेटर-कानटोप्या. अशा वेळी रात्रभर दारात उभी असलेली गाडी सुरू केली, की पहिली एक-दोन मिनिटे ती थडथडते. घरातले कोणी तरी हमखास म्हणते, 'गाडी नडगाकत्तैती नोड्री!' माणसासारखी गाडीलाही हुडहुडी भरते, असा आपला समज. खरी अडचण असते ती इंधनाची.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. इंजिन गार असले की बरेचसे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवर ओलच धरून बसते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ३० स्फोट ठरलेल्या अंतराने व्हायला हवेत. त्यातला एखादा हुकला की ताल बिघडतो आणि सारी गाडी हलते. मेस्त्री याला 'मिसिंग' म्हणतात. त्यात ऑइल घट्ट झालेले, बॅटरी मंदावलेली.

अँबेसिडर, पद्मिनीच्या काळात यावर उपाय होता चोकचा. चोक ओढला की हवा कमी, पेट्रोल जास्त. जास्त पेट्रोलातून निदान पुरेशी वाफ तरी मिळे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत तेच काम संगणक करतो. इंजिनाचे तापमान पाहून तो इंधन वाढवतो आणि रेसही थोडी चढी ठेवतो. म्हणून सकाळी आवाज मोठा येतो आणि मग आपोआप खाली बसतो.

डिझेलची तऱ्हा वेगळी. तिथे ठिणगीच नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल पेटते. गार धातू ती उष्णता शोषून घेतो, मग पांढरा धूर आणि धक्के. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावे, तेवढ्यात हीटर प्लग तापतो. आपण मात्र चावी एका दमात फिरवतो!

आपल्या उसाचाही इथे संबंध येतो. निपाणी-चिकोडीकडचा ऊस कारखान्यात जातो, आणि उसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२५ पासून देशभर २० टक्के मिश्रण मिळू लागले. निव्वळ इथेनॉलची थंडीत वाफ होणे कठीण. ब्राझीलमध्ये १९७९ मध्ये अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ आली. तिथल्या अशा गाड्यांत थंडीत सुरू करण्यापुरती पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असे. आपल्याकडे ८० टक्के पेट्रोल असतेच, त्यामुळे सकाळच्या थडथडीचे खापर सरसकट उसावर फोडू नये.

मिनिटभरात थांबणारी थडथड सोडून द्यावी. पण रोज सकाळी चार-पाच मिनिटे गाडी हलत असेल, पांढऱ्या धुराला गोडसर वास येत असेल आणि कूलंट हळूहळू कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून ते रात्री सिलिंडरमध्ये झिरपत असण्याची शक्यता आहे. 'गरम झाली की बरी चालते' म्हणून महिने काढले, तर पुढे सगळे इंजिन उघडावे लागते. इंजिन गरम झाल्यावरही थरथर राहिली, तर प्लग, कॉइल किंवा इंजिनाखालची रबरी माउंटिंग्ज तपासून घ्यावीत.

आता सगळ्यात महत्त्वाचे. थंडी आत येऊ नये म्हणून शेडचे दार लावून गाडी गरम करत ठेवण्याची सवय काही घरांत मी पाहिली आहे. कृपा करून असे करू नका. गार इंजिनात इंधन जास्त आणि जळते अर्धवट; धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणजे कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त निघतो तो नेमका याच वेळी. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, झोप येते, आणि माणूस उठत नाही. शेडला लागून आजी-आजोबांची खोली असेल, तर धोका त्यांनाही.

दहा-दहा मिनिटे उभ्या गाडीची रेस वाढवण्याचीही गरज नसते. उलट न जळलेले पेट्रोल सिलिंडरवरचे ऑइल धुऊन काढते. गाडी सुरू करून लगेच उघड्यावर घ्यावी, अर्धा-एक मिनिट थांबावे आणि निघावे. पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश, अॅक्सिलरेटर जोरात न दाबता. चालती गाडी उभ्या गाडीपेक्षा लवकर गरम होते.